अंदाजाचे सराव-संच: आधी उत्तरसूची उघडा

अंदाजाच्या शाब्दिक उदाहरणांचा तयार संच हातात आला की तो मागच्या पानापासून वाचायला घ्यावा. उत्तरसूचीत प्रत्येक उदाहरणापुढे एकच आकडा छापलेला असेल, तर आत कितीही रंगीत चित्रे असोत, तो संच राऊंडिंगचा (संख्या जवळच्या दहा-शंभरावर नेण्याचा) आहे, अंदाजाचा नव्हे. ‘१,८०० ते २,१०० मधले काहीही चालेल’ किंवा ‘सुमारे २,०००, खरे उत्तर जरा कमी’ असा शेरा दिसला तरच पुढची पाने उलटावीत. या एका निकषावर बरेचसे संच गळतात. जे उरतात, त्यांच्यातही खोट असते, पण ती घरी किंवा वर्गात दुरुस्त करता येण्याजोगी असते.

असे संच साधारण तीन रूपांत मिळतात: छापील सराववही (किंवा छापून घ्यायची पीडीएफ), चित्रांची कार्डे आणि मोबाईलवरची ॲप. तिघांनाही एकच माप लावून चालत नाही, म्हणून वेगवेगळे बघू.

छापील वही

वहीतला सगळ्यात मोठा दोष उदाहरणात नसतो, उदाहरणाखालच्या कोऱ्या जागेत असतो. खाली सहा-सात ओळी किंवा चौकटी दिल्या की मूल सवयीने उभी मांडणी करते, हातचा घेते, अचूक उत्तर काढते आणि मग त्याचा शेवटचा आकडा शून्य करून ‘अंदाजे’च्या रकान्यात लिहिते. उत्तरसूचीशी ते जुळतेही. अंदाज मात्र झालेलाच नसतो.

हे पकडायला सोपे आहे. ३८ × ५२ विचारा. उत्तर २,००० आले तर ४० × ५० केले आहे. १,९८० आले तर आधी १,९७६ काढून मग जवळच्या दहावर नेले आहे. चांगली वही उत्तराला फक्त एक ओळ देते, कच्च्या कामाला जागाच ठेवत नाही. त्याहून चांगली वही आकड्यावर शाई सांडते: ‘एका खोक्यात ३▢ पेन्सिली, अशी ५▢ खोकी; एकूण साधारण किती?’ आता अचूक गुणाकार करायची सोयच उरली नाही. कमीत कमी ३० × ५० = १,५००, जास्तीत जास्त ३९ × ५९ = २,३०१, म्हणून मधले १,९०० च्या आसपास. हा प्रकार ज्या वहीत दहा-बारा वेळा तरी आला आहे ती वही जाणत्या माणसाने केली आहे असे खुशाल समजावे. नसेल तर पेनने स्वतःच डाग पाडावेत, दहा मिनिटांचे काम.

दुसरा दोष आकड्यांच्या निवडीचा. ‘एका कपाटात ४८ पुस्तके, दुसऱ्यात ५२, अंदाजे किती?’ इथे अचूक बेरीज अंदाजापेक्षा सोपी आहे, मग अंदाज कुणी आणि कशाला करावा? अंदाजाचे उदाहरण असे हवे की अचूक करायचा कंटाळा यावा: ३४८ + २७१ + १८९ + ४१२. जवळच्या शंभरावर नेले तर ३०० + ३०० + २०० + ४०० = १,२००. दुसऱ्या वाटेने, फक्त शतके धरली तर १,०००, आणि मागे राहिलेल्या ४८, ७१, ८९, १२ यांतून दोन शंभर सहज निघतात (४८ आणि १२ मिळून ६०, ७१ आणि ८९ मिळून १६०), म्हणजे पुन्हा १,२००. खरे उत्तर १,२२०. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचणे हीच इथे पडताळणी, आणि वहीने दोन्ही वाटा शिकवायला हव्यात. बऱ्याच वह्या पहिलीवरच थांबतात.

गुणाकारात तर ‘पाच किंवा जास्त असेल तर वर’ हा पाठ केलेला नियम उघडा पडतो. २५ × ३५ नियमाने केले तर ३० × ४० = १,२००. खरे उत्तर ८७५. चूक ३७ टक्के, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दीडपटीकडे निघालेली. कारण साधे आहे: दोन्ही संख्या एकाच दिशेने ढकलल्या, त्यामुळे चुका एकमेकींना खाण्याऐवजी एकमेकींवर चढल्या. एक वर आणि एक खाली नेली तर ३० × ३० = ९००, चूक तीन टक्क्यांच्या आत. भागाकारात नेमके उलटे: दोन्ही संख्या एकाच दिशेने सरकवल्या तर चूक कमी राहते. १,४७० ÷ ३८ साठी १,६०० ÷ ४० = ४०, खरे उत्तर ३८.७ च्या जवळ. भागाकारात जवळच्या दहा-शंभराच्या मागे न लागता पाढ्यात बसणारी जोडी शोधायची असते: २,३५० ÷ ६ दिसले की ‘सहा चोक चोवीस’ आठवून २,४०० घ्यायचे, ४०० म्हणायचे आणि पुढे ‘थोडे कमी’ असे लिहायचे. खरे उत्तर ३९१ च्या पुढे आहे. हा ‘थोडे कमी / थोडे जास्त’चा बाण उत्तरासोबत मागणारी वही असेल तर तिचे इतर अपराध माफ.

भाषांतरित वह्यांबद्दल एक तक्रार नोंदवलीच पाहिजे. मराठीत राऊंडिंग शब्दातच बसलेले आहे. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस, एकोणसाठ म्हणजे एक उणे साठ; मूल आकडा म्हणतानाच जवळचा दहा उच्चारते. (नव्व्याण्णवने तेवढी रीत मोडली आहे.) सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे तर अंदाजासाठीच घडवल्यासारखे शब्द. २४ ची अडीचपट तोंडी निघते: दुप्पट ४८ आणि निम्मे १२, म्हणजे ६०. त्याच जागी ‘२.५ ने गुणा’ असे छापले की मूल लगेच उभी मांडणी शोधायला लागते. मराठीत म्हणून मिळणाऱ्या संचात ‘१.५ पट’ आणि ‘०.२५ भाग’ अशी भाषा दिसली, तर तो मराठीत नुसता आणलेला आहे, मराठीत विचार करून लिहिलेला नाही.

वर की खाली?

अंदाजाची खरी कसोटी इथे लागते, आणि इथेच बहुतेक संच सपशेल हात टेकतात. वस्तू मोजायच्या, वाहून न्यायच्या किंवा आणायच्या असतात तेव्हा चूक कुठल्या बाजूला झालेली परवडते हे आधी ठरवावे लागते. लिफ्टची मर्यादा ५०० किलो, खोके २३ किलोचे. एका खेपेत किती खोकी? शाळेच्या नियमाने २३ चे २० झाले, ५०० ÷ २० = २५. पंचवीस खोकी म्हणजे ५७५ किलो, लिफ्ट अडकणार. इथे २३ चे २५ करायचे, म्हणजे २० खोकी येतात. अचूक उत्तर २१ (४८३ किलो), बावीसाव्याला ५०६ होतात. एक खोका कमी गेला तरी बिघडत नाही. वजन मर्यादेत बसवायचे असेल तर वजन वर न्यायचे; साहित्य पुरवायचे असेल तर गरज वर न्यायची. किती संच हे सांगतात? फार थोडे.

बसचे उदाहरण याच जातीचे. १,१२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, बस किती? अमेरिकेतल्या शालेय मूल्यमापनात तेरा वर्षांच्या मुलांना हा प्रश्न दिला होता, त्याचे निकाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले. ३२ बस म्हणणारी २३ टक्केच. भागाकार बहुतेकांना येत होता. बाकीच्या बारा जणांना रस्त्यावर सोडायचे नसते, हे मात्र उत्तरात उतरले नाही. चांगल्या संचात ‘बाकीचे काय करायचे’ यावर स्वतंत्र पाने असतात आणि त्यांत तिन्ही प्रकार मिसळलेले असतात: बाकी टाकून द्यायची (दोरीचे पूर्ण तुकडे), बाकीसाठी एक वाढवायचा (बस, खोकी) आणि बाकी वाटून घ्यायची (पाणी, वेळ). एकाच पानावर एकच प्रकार असला तर मूल दुसऱ्या उदाहरणापासून विचार करणे थांबवते.

फरशीचे उदाहरण जवळपास प्रत्येक संचात असते, आणि तेही अर्धवट. ३.६ मीटर × २.७ मीटर खोली, फरशी ३० सेंटीमीटरची; १२ × ९ = १०८, छान. पण फरशी ४० सेंटीमीटरची करा. क्षेत्रफळाने ९.७२ ÷ ०.१६ = ६०.७५, म्हणून संच म्हणतो ६१. प्रत्यक्षात लांबीला ९ आणि रुंदीला पावणेसात फरश्या बसतात. पूर्ण फरश्या ९ × ६ = ५४, आणि कडेच्या ओळीतल्या नऊ तुकड्यांसाठी आणखी नऊ, कारण पाऊण तुकडा कापल्यावर उरलेल्या पाव फरशीतून दुसरा पाऊण निघत नाही. एकूण ६३, शिवाय तुटफुटीसाठी पाच ते दहा टक्के जादा. संचाच्या उत्तरसूचीत इथे ६१ असेल तर खोडून ६३ करा आणि कारण समासात लिहा.

रंगाचे उदाहरण यापेक्षा चांगले जमते, कारण त्यात दोन-तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर ढोबळ आकडा चालतो. खोली ४.२ × ३.१ मीटर, उंची २.८. चार भिंतींचा घेर १४.६, म्हणजे १५ धरा. उंची ३ धरा. ४५ चौरस मीटर. दार आणि खिडकीचे मिळून ४ वजा, राहिले ४१. एक लिटर रंगात एका हाताला १० चौरस मीटर होतात असे डब्यावर लिहिले असेल, तर दोन हातांना ८ लिटरच्या किंचित पुढे. सगळे अचूक केले तर ०.९ × २.१ चे दार आणि १.२ × १.५ ची खिडकी वगळून ३७.१९ चौरस मीटर, म्हणजे ७.४ लिटर. घेर आणि उंची दोन्ही मुद्दाम वर नेली, म्हणून अंदाज जास्त आला, आणि रंगाच्या बाबतीत तेच हवे. इथे संच बहुधा ‘दोन हात’ विसरतो आणि उत्तर निम्मे देतो, किंवा छताचा रंग धरायचा की नाही ते सांगतच नाही.

एककांचे सापळे

मोठ्या चुका गुणाकारात होत नाहीत, एककात होतात. एक चौरस मीटर म्हणजे १०,००० चौरस सेंटीमीटर. मूल १०० ने भागते आणि उत्तर शंभरपट फिरते. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. हे डोळ्यासमोर नसेल तर टाकीच्या कुठल्याही उदाहरणात काहीही उत्तर खरे वाटते. वेळेचे तर विचारूच नका: ९:४८ ला निघून १३:१५ ला पोचले, किती वेळ लागला? कॅल्क्युलेटरवर १३.१५ − ९.४८ = ३.६७ येते आणि ते ‘३ तास ६७ मिनिटे’ म्हणून लिहिलेलेही सापडते. अंदाजाने करणारा ९:४८ चे १० करतो, सव्वातीन तास धरतो आणि मागची १२ मिनिटे जोडतो: ३ तास २७ मिनिटे. इथे अंदाजाचीच वाट अचूकपणाकडे नेते. एककांवर वेगळे प्रकरण नसलेला संच चौथीच्या पुढे कामाचा नाही.

याला जोडून खऱ्या जगातले आकडे. शाब्दिक उदाहरणात माणूस ताशी १४ किलोमीटर ‘चालत’ असेल, तर ते उदाहरण बेरीज-वजाबाकीला चालेल, अंदाजाला चालणार नाही. कारण अंदाज करणाऱ्याजवळ मनातली मापे लागतात आणि असे उदाहरण तीच बिघडवते. संचात निदान एवढी मापे आली पाहिजेत: चालण्याचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर, एक लिटर पाणी एक किलो, ए-चार कागद २१ × २९.७ सेंटीमीटर. हा कागद फार उपयोगी. सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० ग्रॅमच्या जातीचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद ५ ग्रॅमचा. ५०० चे रीम अडीच किलोचे आणि साधारण ५ सेंटीमीटर जाडीचे. मग ‘१२,००० कागद एका माणसाला उचलतील का?’ हा प्रश्न चुटकीसरशी सुटतो: २४ रीम, ६० किलो, १.२ मीटर उंच गठ्ठा. उचलणार नाहीत.

गळक्या नळाचे उदाहरणही असेच फार गुणाचे आहे. सेकंदाला एक थेंब, वीस थेंबांचा एक मिलिलिटर. दिवसात ८६,४०० सेकंद; ८६,४०० ÷ २० = ४,३२० मिलिलिटर, म्हणजे सव्वाचार लिटरच्या थोडे वर. यात मुलाला थेंबाचे माप दिले नाही आणि ‘तूच धर’ म्हटले तर उत्तरे दोन लिटरपासून दहा लिटरपर्यंत येतील, आणि ती सगळी बरोबर धरावी लागतील. एवढे धाडस फार थोड्या उत्तरसूच्यांत असते.

अपूर्णांकांची पाने सगळीकडे कुपोषित. १२/१३ + ७/८ हे साधारण किती? दोन्ही एकाच्या जवळ, म्हणून सुमारे २. वर सांगितलेल्या मूल्यमापनाच्या आधीच्या फेरीत १, २, १९ आणि २१ असे पर्याय देऊन हाच प्रश्न विचारला, तेव्हा तेरा वर्षांच्या मुलांपैकी २४ टक्क्यांनी २ निवडले. १९ किंवा २१ म्हणणारी निम्म्याहून जास्त होती. अंश-अंश किंवा छेद-छेद मिळवून मोकळी झालेली ती मुले. अपूर्णांकाची किमान वीस उदाहरणे नसतील तर संच अपुरा समजावा.

कार्डे आणि ॲप

चित्रांची कार्डे (‘बरणीत मणी किती?’) लहानांना आवडतात आणि नजर तयार करायला उत्तम आहेत, पण दोन अटींवर. कार्डावर मापाची खूण हवी: शेजारी दहा मणी वेगळे ठेवलेले किंवा सेंटीमीटरची पट्टी. आणि मागे उत्तरासोबत रीत हवी. १ लिटरची बरणी, १ सेंटीमीटर व्यासाचे मणी. प्रत्येक मण्याला एक घनसेंटीमीटरची खोली दिली तर १,००० येतात. मण्याचे खरे आकारमान ०.५२ घनसेंटीमीटर धरून नुसते भागले तर १,९०० च्या पुढे जाते, आणि ते चूक, कारण मण्यांमध्ये पोकळी राहते. ओतलेले गोल मणी जागेचा जेमतेम ६० ते ६४ टक्के भाग भरतात, त्यामुळे १,१५० ते १,२०० च्या आसपास. म्हणजे ‘एका मण्याला एक खोली’ हा बाळबोध हिशोब हुशार वाटणाऱ्या हिशोबापेक्षा जास्त जवळ जातो. कार्डाच्या मागे फक्त ‘१,१६८’ छापलेले असेल तर मूल यातले काहीच शिकत नाही, पुढच्या वेळी तो आकडा तेवढा आठवते.

ॲपमध्ये तीन गोष्टी तपासाव्यात. पर्याय कसे दिलेत? ३८ × ५२ साठी १,८४२, १,९७६, २,१३४ असे पर्याय असतील तर ८ × २ = १६, शेवटी ६ असलेला एकच पर्याय आहे; अंदाज न करता उत्तर सापडले. पर्याय सगळे गोल हवेत: २००, २,०००, २०,०००. वेळ किती? दहा ते वीस सेकंद ठीक. त्याहून कमी दिला तर ठोकून दिलेली उत्तरे येतात, मिनिटभर दिला तर मनातल्या मनात उभी मांडणी होते. गुण कसे देतो? फरकावर गुण देणारे ॲप टाळा. २० चा अंदाज ३० केला तर फरक १०, आणि २,००० चा २,०१० केला तरी फरक १०; पहिली चूक पन्नास टक्क्यांची, दुसरी अर्ध्या टक्क्याची. टक्केवारीत चूक दाखवणारेच घ्यावे. सरकवायची पट्टी असलेल्या ॲपमध्ये आणखी एक खोड असते: पट्टी ० ते १,००० दिसली की उत्तर हजाराच्या आत आहे हे फुकटात कळते.

वापरायची रीत. रोज सहा उदाहरणे पुरतात. प्रत्येकाला आधी ‘याहून कमी नक्की नाही’ आणि ‘याहून जास्त नक्की नाही’ असे दोन आकडे, मग मधला एक अंदाज, मग बाण, आणि शेवटी कॅल्क्युलेटर. खरे उत्तर दोन आकड्यांच्या आत आले की बरोबर. मर्यादा फार रुंद पडत असेल तर दुसऱ्या आठवड्यापासून अट घालावी: बेरजेत पाच टक्के, गुणाकार-भागाकारात दहा टक्के, आणि थेंब-मणी-कागदासारख्या उदाहरणांत निम्म्यापासून दुपटीपर्यंत सूट.

एकच काही घ्यायचे असेल तर छापील वही, एका ओळीच्या उत्तराची आणि मर्यादा दिलेल्या सूचीची. कार्डे तिसरीपर्यंत, पुढे नाहीत. ॲप वहीच्या जोडीला चालेल, वहीच्या जागी नाही, कारण कुठल्या बाजूला चुकलेले परवडेल हे अशी ॲप सहसा विचारत नाहीत. आणि घेतलेल्या वहीत एकेरी उत्तरे निघालीच, तर वही फेकू नये: सूचीतल्या प्रत्येक गुणाकाराच्या उत्तराचा दहावा भाग वजा आणि अधिक करून दोन आकडे पेन्सिलीने लिहावेत. १,९७६ समोर १,७८० ते २,१७०. साठ उदाहरणांना अर्धा तास लागतो, तोही अंदाजाने.